मांगरातून केलेले छत्तीस फोन

मी विमानावर लागलो तेव्हा माझ्या काकांनी आचऱ्याच्या तिठ्यावर उभं राहून जाहीर केलं, “आमचो मोहन पायलट झालो!” लोकांनी माना डोलावल्या. कुणी फारसं चकित झालं नाही. आमच्यापासून गोवा जवळ, आणि गोव्यात मोटारसायकलवर मागे माणूस बसवून भाडं मारणाऱ्याला पायलट म्हणतात. पुढच्या सुट्टीत घरी आलो तेव्हा वाडीतल्या भिवाकाकांनी मला बाजूला घेऊन आपुलकीने विचारलं, “गाडी स्वताची घेतलंस काय मालकाची आसा?”

मी खरं काय ते सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला.

“म्हणजे मुंबैसून गोंयाक जाताना तू आमच्या डोक्यावरसून जातंस?”

“होय काका.”

“मगे सणाक येतंव तेव्हा आमका हंयसर उतरवूक काय होता? यष्टी हात दाखवल्यार थांबता. तुझां थांबणा नाय?”

तेहेतीस वर्षं विमान चालवलं, पण या प्रश्नाला भिवाकाकांचं समाधान होईल असं उत्तर मला कधी देता आलं नाही.

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणाले तेव्हा संपादकांना माझ्याकडून वादळं, बंद पडलेली इंजिनं असलं काही हवं होतं. तसं थोडंफार घडलंही. पण विमानात काही बिघडलं तर काय करायचं ते पुस्तकात छापलेलं असतं; शांतपणे पान उघडायचं आणि लिहिलंय तसं करायचं. मला आयुष्यात सगळ्यांत जास्त घाम फुटला तो विमानात नव्हे, आमच्या काजूच्या बागेतल्या मांगरात, म्हणजे अवजारं ठेवायच्या कौलारू खोपटात. तिथे उलट्या क्रेटवर बसून मी छत्तीस कॅप्टनना फोन केले आणि प्रत्येकाला एकच गोष्ट विचारली: तुमचं काम आणि पगार आपणहून कमी करून घ्याल का?

ही भानगड कळायला आमच्या धंद्यातलं थोडं सांगावं लागेल. वैमानिकाचा बांधीव पगार बेताचा असतो, बाकी सगळं उडण्याच्या तासांवर. विमान उभं राहिलं की आमचा मीटरही उभा. दुसरं म्हणजे ज्येष्ठतेची यादी. कंपनीत रुजू होता त्या दिवशी जो नंबर मिळतो तो जन्मखुणेसारखा निवृत्तीपर्यंत चिकटतो. दिवाळीची रजा आधी कोणाला, उजवीकडच्या खुर्चीतून उठून कॅप्टनच्या डाव्या खुर्चीत आधी कोण बसणार, सगळं त्या नंबरावर. आणि माणसं कमी करायची वेळ आली तर कात्री तळापासून वर चालते. शेवटी आलेला पहिला घरी.

त्यात आमचा हात लवकर गंजतो. नव्वद दिवसांत तीन उड्डाणं आणि तीन उतरणी झाली नाहीत तर प्रवासी घेऊन जाता येत नाही. आधी सिम्युलेटरमध्ये, म्हणजे हुबेहूब कॉकपिटसारख्या खोलीत, हात साफ करून दाखवावा लागतो. माझ्यासारखा जुना माणूस वर्षभर घरी बसला तरी थोड्या सरावाने ताळ्यावर येतो. पण आठ महिन्यांपूर्वी लागलेलं पोर वर्षभर घरी बसलं तर त्याची सुरुवातच पुसली जाते.

कोरोनाच्या टाळेबंदीत सगळी विमानं जमिनीवर आली तेव्हा मी आणि माझी बायको सुनीता आठवडाभराच्या रजेवर आचऱ्यात आलो होतो. आठवड्याचे दोन महिने झाले. सुनीता नाशिकची, शाळेत गणित शिकवायची. तिने पहिल्या पंधरवड्यात माझ्या वहिनीकडून माशाचं कालवण शिकून घेतलं आणि दुसऱ्या पंधरवड्यात वहिनीला ऑनलाइन बँकिंग शिकवलं. मी मात्र नुसता फिरत होतो. रोज संध्याकाळी आकाशाकडे बघायची सवय होती, आणि आकाशात फक्त घारी.

घरात फोनला रेंज नव्हती. रेंज मिळायची ती वरच्या सड्यावर, कातळाच्या माळावर, आणि तिथे सावली एकच: आमचा मांगर. माझे थोरले भाऊ, ज्यांना सगळं गाव भाई म्हणतं, ते तिथे दिवसभर काजूच्या बोंडांपासून बिया वेगळ्या करत बसायचे. त्यांच्या शेजारी क्रेट उलटा करून मी माझं ऑफिस थाटलं.

मी आमच्या वैमानिक संघटनेच्या समितीवर होतो. कसा, ते सांगतो. सभेत समितीसाठी नावं मागवली तेव्हा मी चहा आणायला उठलो. परत आलो तर निवडून आलो होतो.

मे महिन्यात संघटनेची ऑनलाइन सभा झाली. कंपनीने दोन पर्याय पुढे ठेवले होते. पहिला, यादीच्या तळातले त्रेचाळीस को-पायलट बिनपगारी घरी. परत कधी बोलावणार ते सांगता येत नाही. दुसरा, सगळ्या वैमानिकांनी आपणहून उडण्याचे तास कमी करून घ्यायचे, पगार साधारण तृतीयांशाने कमी घ्यायचा, वर्षभर. मग कोणीच घरी जाणार नाही. दुसऱ्या पर्यायाला संघटनेच्या दोन तृतीयांश सभासदांचं मत हवं. आणि यातला खरा पेच असा की ते त्रेचाळीस जण अजून उमेदवारीच्या काळातले, त्यामुळे सभासदच नव्हते. ज्यांच्यासाठी मतदान, त्यांनाच मत नव्हतं.

सभेत गोंधळ झाला. एकाच वेळी सत्तर कॅप्टन बोलत होते. विमानात आम्ही किती शिस्तीने एकेक वाक्य बोलतो आणि पलीकडून ते परत म्हणून घेतो! इथे कुणी कुणाचं ऐकत नव्हतं. मी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात मागून आमची गाय हंबरली. सभेत क्षणभर शांतता पसरली आणि अध्यक्ष म्हणाले, “हा मुद्दा कोणाचा होता?”

सभा संपल्यावर भाईंनी बिया सोलता सोलता विचारलं, “काय ता भांडण?”

मी सांगितलं.

“आणि तुझा म्हणणा काय?”

आता खोटं कशाला लिहू. माझं म्हणणं ‘नको’ असं होतं. कंपनी घाबरवते आहे, दोन महिन्यांत विमानं सुटतील, आणि एकदा कमी घेतलेला पगार कोणी परत देत नाही, असं मला वाटत होतं. सुनीतालाही मी तेच सांगितलं. ती म्हणाली, “तुझं म्हणणं बरोबर असेल. पण कंपनी घाबरवत नसली तर? तुझं उत्तर चुकलं तर त्याची किंमत तू देणार नाहीस, ती मुलं देणार.” गणिताच्या बाईशी लग्न केल्याचे तोटे असे.

दुसऱ्या दिवशी सड्यावर गेल्यावर तन्वीचा फोन आला. तन्वी कुडाळची. वडील, दत्ताराम मेस्त्री, एसटी डेपोत मेकॅनिक. आठ महिन्यांपूर्वी ती लागली, आणि तिचं पहिलं प्रवासी विमान माझ्याबरोबर होतं. बंगळूरला तिने ते असं उतरवलं की मागे एका आजोबांची कवळी निसटली. उतरताना आजोबा तिला म्हणाले होते, “बाळ, पोचलो, तेवढं पुरे.” नंतरच्या दोन महिन्यांत तिचा हात इतका सुधारला की कधीकधी चाकं टेकली ते मलाच कळायचं नाही.

मला वाटलं ती नोकरीचं काही विचारणार. तिने एका चेकलिस्टबद्दल विचारलं. इंजिन सुरू करण्याआधीच्या यादीतली एक ओळ नव्या आवृत्तीत बदलली होती, ती जुनी म्हणायची की नवी?

“अगं, विमानंच बंद आहेत. तुला आता कशाला लागते ती?”

“सर, मी रोज सकाळी करते. भिंतीवर कॉकपिटचं चित्र लावलंय. बाबा कॅप्टन होतात.”

मागून मेस्त्रींचा आवाज आला, “तुम्ही दोघा बोलून घेवा. मी इंजिन बंद करतंय तवसर.”

तन्वी हसली. मग म्हणाली, “बाकी घरी मजेत आहे सर. सगळ्या मावशा मोकळ्या आहेत, त्यामुळे माझं लग्न जमवायला मनुष्यबळ भरपूर आहे.” थोडं थांबून तिने हलकेच विचारलं, “सर, यादीत माझा नंबर शेवटून पाचवा आहे ना?”

“सहावा,” मी म्हणालो.

“म्हणजे मी समजत होते त्याहून बरं आहे,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी खिशातून समितीने पाठवलेली यादी काढली. माझ्या वाट्याला छत्तीस कॅप्टन होते. पहिल्याला फोन लावला.

माणसं किती तऱ्हेची असतात ते त्या छत्तीस फोनांनी शिकवलं. एकाने माझं वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हटलं. त्याला तबला शिकायचा होता आणि तास कमी झाले तर बरंच होतं. एकाने पाऊण तास ऐकून घेतलं, अतिशय समंजस प्रश्न विचारले आणि शेवटी सांगितलं की मतदानाचं बायको ठरवते. एकजण रडला, त्याच्या आईला दवाखान्यात ठेवलं होतं. त्याला मी मताचं विचारलंच नाही. आणखी एकाने मला सरळ कंपनीचा दलाल म्हटलं. त्याच्याबरोबर मी पंधरा वर्षं उडत होतो. फोन ठेवल्यावर भाईंनी माझ्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

आणि मग कॅप्टन प्रधान.

प्रधानांबद्दल काय सांगू? उंच, ताठ, ठाण्याचे, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. आमच्या निम्म्या कॅप्टनना त्यांनीच घडवलेलं, मलाही. एकदा गोव्यात तुफान पावसात धावपट्टी दिसेना. प्रधानांनी दोनदा खाली येऊन दोनदा विमान परत वर घेतलं आणि सरळ बंगळूरची वाट धरली. मागे एक मंत्री बसले होते. त्यांनी निरोप पाठवला की गोव्यात सभा आहे, अजून एकदा बघा. प्रधानांनी उलट निरोप पाठवला, “साहेब, तुम्ही मंत्री खाली. वर मी आहे.” को-पायलटच्या खुर्चीत मी होतो. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की ‘नाही’ म्हणणं हाही आमच्या कामाचा भाग आहे, आणि बहुधा सगळ्यांत अवघड.

आता तेच ‘नाही’ माझ्या वाट्याला आलं.

“मोहन, तू मला हे विचारतोस?” प्रधान म्हणाले. “मी तिशीत होतो तेव्हा माझी पहिली कंपनी बुडाली. चौदा महिने मी दारोदार पाणी शुद्ध करायची यंत्रं विकली. एका बाईने मला ओळखलं, माझ्या विमानातून गेली होती. तिने कीव येऊन दोन यंत्रं घेतली. तेव्हा माझ्यासाठी कोणी आपले तास सोडले नाहीत. यादी म्हणजे यादी.”

“सर, म्हणूनच तर—”

“आणि ऐक. आज आपण हात वर करून पगार सोडला की पुढच्या वेळी ते विचारणारही नाहीत. धरूनच चालतील.”

हा मुद्दा खोटा नव्हता.

दोन दिवसांनी भाई मला सकाळी समुद्रावर घेऊन गेले. रापण लागली होती. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. दोन्ही बाजूंनी माणसं दोर धरून ओढतात आणि जे मिळेल त्याचा वाटा ओढणाऱ्या सगळ्यांना. मीही दोर धरला. तासभर ओढून तळहात सोलले, आणि जाळ्यात आलं काय, तर थोडे पेडवे आणि खंडीभर शेवाळ. वाटे घातले. प्रत्येकाच्या वाट्याला ओंजळभर मासळी. कोणी कुरकुरलं नाही. मला एकदम सुचलं की हेच प्रधानांना सांगावं. ओले हात पुसत सड्यावर धावत गेलो आणि मोठ्या उत्साहाने त्यांना रापणीची सगळी कथा ऐकवली.

प्रधानांनी शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाले, “मोहन, मी शाकाहारी आहे.”

भाई इतके हसले की त्यांच्या मांडीवरची काजूची टोपली उलटी झाली.

शेवटी मी एक लबाडी केली. प्रधानांना वाद घालायला आवडत नाही, पण शिकवायला फार आवडतं, हे मला ठाऊक होतं. मी त्यांना म्हटलं, “मताचं राहू द्या. ही नवी पोरं घरी बसून गंजताहेत. पावसाळ्यातली उतरण तुमच्याइतकी कोणी शिकवत नाही. रोज तासभर ऑनलाइन शिकवाल का?”

“किती वाजता?” त्यांनी विचारलं.

सकाळी दहा वाजता प्रधानांचा वर्ग सुरू झाला. दहा वाजून एक मिनिटाने आलेल्याला प्रवेश नसे. मी पहिल्या दिवशी डोकावलो. अठरा पोरं, प्रत्येकाच्या मागे कोणाचं कपाट, कोणाची फ्रीजवरची गणपतीची मूर्ती, आणि मधोमध पांढरा शर्ट, खांद्यावर चार पट्ट्या असे प्रधान. घरी बसूनही त्यांनी गणवेश घातला होता.

आठवड्याने त्यांचा फोन आला.

“ती कुडाळची मुलगी बरे प्रश्न विचारते.”

“तन्वी.”

“हो. पण तिच्या शेजारी एक गृहस्थ बसतात. ते जास्त चांगले प्रश्न विचारतात.”

झालं होतं असं की ओल्या धावपट्टीवर ब्रेक कसे लावायचे ते प्रधान सांगत होते, आणि मेस्त्रींना राहवेना. तन्वीच्या मागून डोकं पुढे काढून त्यांनी विचारलं, “साहेब, फोंडाघाट उतरून गाडी इली की आमचे ड्रम तापतत. त्येच्यार पाणी मारूचा नाय म्हणान मी ड्रायव्हरांका सांगून दमलंय. तुमचे ब्रेक तापले तर तुम्ही काय करतास?”

प्रधानांनी सांगितलं की आम्हीही पाणी मारत नाही, निवायची वाट बघतो. तापमान दाखवणारा आकडा कॉकपिटमध्ये असतो आणि तो खाली आल्याशिवाय पुन्हा उडत नाही.

“ह्या बरां आसा,” मेस्त्री म्हणाले. “आमच्याकडे आकडो नाय. मी हात लावन बघतंय.”

त्या दिवशी वर्ग अकराला संपला, पण प्रधान आणि मेस्त्री पाऊण वाजेपर्यंत ब्रेकवर बोलत होते. तन्वीने मला नंतर सांगितलं, “सर, मी मधे दोनदा उठून जेवण वाढलंय काय बघून आले. दोघांनाही पत्ता नव्हता.” मग रोजचंच झालं. वर्गानंतर मेस्त्रींचा वेगळा तास. बाकीची पोरंही थांबायला लागली, कारण एसटीचा मेकॅनिक आणि चार पट्ट्यांचा कॅप्टन यांचं भांडण ऐकण्यासारखं असे.

मतदानाच्या आदल्या दिवशी मी प्रधानांना पुन्हा फोन केला नाही. त्यांनीच केला.

“तू मला या मुलांना का शिकवायला लावलंस ते मला पहिल्या दिवसापासून कळलंय,” ते म्हणाले. “मी इतका म्हातारा झालेलो नाही.”

“सॉरी सर.”

“सॉरी कशाला? वर्ग चांगला चाललाय.” आणि फोन ठेवला.

मतदान दोन दिवस चाललं. निकालाच्या दिवशी मी मांगरात बसलो होतो. भाईंनी त्या दिवशी काम काढलंच नव्हतं, सुनीताही वर आली होती. दोन तृतीयांशाला जेवढी लागत होती त्यापेक्षा नऊ मतं जास्त पडली. त्रेचाळीसही जण राहिले. सुनीताने माझ्या पाठीत थाप मारली. भाईंनी विचारलं, “म्हणजे आता तुका पगार कमी?” मी हो म्हटलं. “आणि तू खुशीत?” मी पुन्हा हो म्हटलं. “शिकल्यासवरल्यांचा काय कळणा नाय,” असं म्हणून ते हसत हसत गुरं बघायला गेले.

तासाभराने प्रधानांचा फोन.

“अभिनंदन. मी विरोधात मत दिलं.”

माझी लबाडी, तो वर्ग, ते ब्रेक, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

“तत्त्वाचा प्रश्न होता,” ते म्हणाले. “दुसऱ्याच्या खिशातलं काय सोडायचं ते बहुमताने ठरवू नये, असं माझं मत आहे. पण माझ्या स्वतःच्या खिशातलं मी ठरवू शकतो. आताच कंपनीला पत्र पाठवलंय. उड्डाणं सुरू झाल्यावर पहिले सहा महिने मला एकही नको. माझे सगळे तास शिकवण्याच्या उड्डाणांसाठी दुसऱ्या प्रशिक्षक कॅप्टनना द्या आणि उजव्या खुर्चीत या वर्गातली मुलं बसवा. पगारही नको. ‘स्वेच्छेने’ या शब्दाचा अर्थ हा असतो, मोहन.”

मी आयुष्यात पुष्कळ कॅप्टन पाहिले. विरोधात मत देऊन सगळ्यांपेक्षा जास्त सोडणारा हा एकच.

इथेच थांबलो असतो तर गोष्ट छान झाली असती. पण त्रेचाळीस राहिले असं मी लिहिलं, ते पूर्ण खरं नाही. यादीतला एकजण मतदानाच्या चार दिवस आधीच राजीनामा देऊन गेला होता. तो वजा केला तर बेचाळीसच राहिले.

त्याचं नाव रोहित. संगमनेरचा. कॉकपिटमध्ये त्याच्यासारखा हसरा मुलगा मी पाहिला नाही. पहाटे चारच्या उड्डाणालाही तो असा यायचा की जणू लग्नाला निघालाय. प्रधानांच्या वर्गात तो सगळ्यांच्या टोप्या उडवायचा. बाकी पोरांचे घाबरलेले चेहरे बघून मी त्यांना फोन करत होतो, धीर देत होतो. रोहितला केला नाही. त्याचं नाव यादीत दिसलं की वाटायचं, हा मस्त आहे, याची काळजी नाही, याला उद्या करू. असे पंधरा उद्या गेले. मग समितीच्या मेलमध्ये त्याचा राजीनामा आला, दोन ओळींचा. खाली हसरा चेहरा टाकला होता.

नंतर कळलं की त्याच्या वडिलांची तब्येत ढासळली होती, घरात तो एकटाच कमावता होता, आणि अनिश्चितता त्याला सहन होत नव्हती. मी फोन केला तेव्हा उशीर झाला होता. तो म्हणाला, “सर, तुमचा फोन आला असता तर अजून चार दिवस थांबलो असतो बहुतेक.” हे त्याने हसतच सांगितलं, म्हणून जास्त लागलं. आज तो शेतांवर औषध फवारायचे ड्रोन चालवतो आणि इतरांना शिकवतो. त्याचं चांगलं चाललंय. “सर, आता मी दहा फुटांच्या वर जात नाही, पण रोज घरी जेवतो,” असं मला मागच्या वर्षी म्हणाला. ते खरंही असेल. तरी त्याला फोन न केल्याची टोचणी माझ्या मनातून गेलेली नाही आणि जावी असंही मला वाटत नाही.

बाकीचं थोडक्यात. विमानं हळूहळू सुटली. वर्षाचं दीड वर्ष झालं तेव्हा पगार पूर्ववत झाला, पण काही भत्ते परत आलेच नाहीत. म्हणजे प्रधानांचा तो मुद्दाही अगदी चूक नव्हता, आणि मला दलाल म्हणणाऱ्या मित्राने ते मला आठवणीने कळवलं. आता आम्ही बोलतो, पहिल्यासारखं नाही, पण बोलतो. प्रधान निवृत्त झाले. दरवर्षी आंब्याच्या दिवसांत ते कुडाळला मेस्त्रींकडे आठ दिवस राहतात. मेस्त्रीही निवृत्त झालेत. दोघे मिळून अंगणात कुणाची तरी बिघडलेली मोटारसायकल खोलून बसतात. परत जोडून होते की नाही ते मी विचारत नाही. मीही दोन वर्षांपूर्वी उतरलो आणि आचऱ्यात घर धरलं. घरात आता रेंज येते.

तन्वी डाव्या खुर्चीत गेली. तिच्या खांद्यावर चौथी पट्टी चढली त्या दिवशी मेस्त्रींनी सबंध डेपोला पेढे वाटले.

यंदा तिच्या कंपनीत पुन्हा तेच वारे वाहू लागले. इंजिनांचे सुटे भाग मिळेनात म्हणून बरीच विमानं उभी, वैमानिक जास्त. तोच प्रश्न: तळातल्यांना घरी पाठवायचं की सगळ्यांनी थोडं थोडं सोडायचं. गेल्या महिन्यात दुपारी मी जेवून पडलो होतो, तेवढ्यात तिचा फोन आला.

“सर, मी समितीवर आलेय.”

“चहा आणायला उठली होतीस का?”

“नाही सर. मीच हात वर केला.” मग तिचा आवाज बदलला. ऑफिसची भाषा सुटली आणि कुडाळची आली. “सर, माका भिया वाटता. यादी हातात आसा. खाली तिसेक नवीन पोरां आसत, आणि वरचे कॅप्टन आत्तापासून भांडतत. मी सुरुवात खंयसून करू? कोणाक पयलो फोन लावू?”

मी उठून बसलो. प्रधानांसारखे हट्टी कॅप्टन आधी, की हो म्हणणारे आधी, की रडणारे, याचा माझा सगळा अनुभव तिला सांगता आला असता. पण तोंडातून एकच निघालं.

“तिसांतलो सगळ्यांत हसतमुख कोण, तो बघ. पयलो फोन त्येका कर.”

“आता?”

“आता. माझो ठेव आणि त्येका लाव.”

तिने लगेच ठेवला.